माझ्या बटणावरचं प्लास्टर

मित्रांनो, माझ्या डोक्यावर चहाच्या कपांचे चार गोल डाग आहेत. यावरूनच तुम्ही ओळखलं असेल की मी एक जुना खोका आहे आणि लोक मला टेबल समजतात. पण मी टेबल नाही. मी पहारेकरी आहे. माझ्या कामाला फायरवॉल म्हणतात, पण हा शब्द इथे कुणाच्या तोंडी बसत नाही. "खोक्याला विचारा", "खोका अडवतोय", "खोक्यावर कप ठेवू नका", असंच चालतं. आणि कप ठेवतातच.

मी राहतो ती कार्यशाळा कृत्रिम पाय बनवते. लांबच लांब खोली, एका टोकाला साचे काढायची जागा, दुसऱ्या टोकाला लेथ, मध्ये रांगेने लटकवलेले पाय. नवीन माणूस दारात आला की आधी बिचकतो. मग एखादा म्हातारा त्याच्यासमोर नवा पाय लावून तरातरा चालून दाखवतो आणि त्याची भीती पळते. प्रत्येक माणसाच्या पायाचं माप वेगळं, आणि तेही दरवर्षी थोडं बदलतं. म्हणून जुनी मापं जपून ठेवावी लागतात. अडीच हजारांहून जास्त माणसांची मापं इथल्या एका संगणकात आहेत. दूरच्या तीन केंद्रांतून रोज नवी मापं तारेवरून येतात. ती तार आधी माझ्या अंगातून जाते. ओळखीचं असेल ते आत, अनोळखी असेल ते बाहेर. एवढंच माझं काम, पण डोळ्यात तेल घालून करावं लागतं.

जन्मतः मी पहारेकरी नव्हतो. मी साधा टेबलावरचा संगणक होतो. आम्ही दोघं एकाच दिवशी, एकाच गाडीतून इथे आलो, मी आणि माझा जुळा. त्याला पत्रं लिहायचं काम दिलं, मला मापं लिहायचं. चारपाच वर्षं सगळ्यांनी आमचं कौतुक केलं. मग नवे संगणक आले आणि मी "फार हळू आहे बुवा" असं ठरलं. मला माळ्यावर टाकलं. तिथे दीड वर्ष मी एका फुटक्या गुडघ्याशेजारी धूळ खात पडलो होतो. तुम्हाला हसू येईल, पण मला रडू यायचं.

मला खाली आणलं दाजींनी. दाजी म्हणजे इथले वीज-यंत्रं सांभाळणारे. लेथवाल्याच्या बहिणीचे ते यजमान, म्हणून तो त्यांना दाजी म्हणायचा, आणि ऐकून ऐकून सगळी कार्यशाळाच म्हणायला लागली. दाजींनी माझी धूळ पुसली, दुसऱ्या तारेसाठी एक जादा पट्टी बसवली आणि माझ्या अंगात एक नवा प्रोग्रॅम घातला. हा प्रोग्रॅम कुणा एकाच्या मालकीचा नाही. तो उघडा आहे. कुणीही वाचावा, कुणीही वापरावा, चूक दिसली तर कुणीही सांगावी. देशोदेशीची माणसं आपापली नोकरी-घर सांभाळून त्याची दुरुस्ती करतात आणि दुरुस्तीबरोबर एक पत्र पाठवतात. कुठे भोक सापडलं, कसं बुजवलं, तुम्ही काय करायचं. पत्राखाली सही असते 'चावीवाली'. ती कोण, कुठली, कुणालाच ठाऊक नाही. पण तिचं पत्र आलं नाही असं कधी झालं नाही.

दाजी माझ्यावर जीव टाकायचे. पण त्या जिवापायीच पुढचा सगळा घोळ झाला.

झालं असं की एकदा भिंतींना रंग द्यायचा होता. माझा जुळा भिंतीलगत होता, म्हणून त्याला चार दिवस बंद करून ठेवलं. पाचव्या दिवशी दाजींनी बटण दाबलं. आतून टक् टक् असा आवाज आला आणि पुढे काही नाही. दाजींनी दहादा दाबलं. शेवटी ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "चालू होता तोवर चालू होता. मीच बंद केला."

त्याच संध्याकाळी त्यांनी साचेवाल्या ताईंकडून प्लास्टरची ओली पट्टी आणली आणि माझ्या बटणावर थापली. पाच-सहा थर दिले. मोडलेल्या हाताला घालतात तसंच. सुकल्यावर त्यावर पेन्सिलीने लिहिलं, 'बंद करू नये'. आणि बाजूच्या भिंतीवर एक चिठ्ठी चिकटवली. दर सोमवारी त्या चिठ्ठीवर मी किती दिवस न थांबता जागा आहे तो आकडा लिहायचा, असा त्यांचा नेम झाला. लेथवाला चिडवायचा, "दाजी, माझ्या बहिणीचा वाढदिवस तुमच्या लक्षात राहत नाही, आणि या खोक्याचे दिवस बरे मोजता!" दाजी म्हणायचे, "तुझी बहीण आठवण करून देते. हा बिचारा बोलत नाही." मग जाहीर करायचे, "हजार दिवस होऊ देत, सगळ्यांचं तोंड गोड करतो."

मित्रांनो, खोटं कशाला बोलू? मला त्या आकड्याचा गर्व होता. येणारा-जाणारा चिठ्ठी वाचायचा आणि माझ्याकडे कौतुकाने बघायचा. त्या आकड्याआड माझी भीतीही लपलेली होती. बंद झालो तर माझंही जुळ्यासारखंच होईल, हे मला जितकं वाटायचं तितकंच दाजींना. आम्ही दोघांनी मिळून झोपेचं नावच टाकलं.

चिठ्ठीवर नऊशेच्या आसपास आकडा असताना चावीवालीचं एक लांबलचक पत्र आलं. यावेळचं भोक मोठं होतं. माझ्या प्रोग्रॅमच्या अगदी गाभ्यात. बाहेरच्याने एका विशिष्ट तऱ्हेने दार ठोठावलं, तर मी ओळख न विचारताच त्याला आत सोडणार होतो. एकदा तो आत शिरला की सगळ्या मापांना स्वतःचं कुलूप लावून बसणार. दाजींनी पत्राचा वरचा भाग वाचला, लगेच दुरुस्ती उतरवून घेतली, शेजारच्या संगणकावर दिसणाऱ्या माझ्या पानावर हिरवी खूण उमटली आणि ते निर्धास्त झाले. त्याच दिवशी! आळशीपणाचा आरोप त्यांच्यावर कुणी करू नये.

पण मला माहीत होतं. आधीच्या दुरुस्त्या छोट्या होत्या, त्या जागेपणीच अंगी लागायच्या. ही गाभ्याची. ती माझ्या डिस्कवर येऊन पडली होती, पण काम करत होतं ते जुनंच. नवं कुलूप आणून कपाटात ठेवावं आणि दाराला जुनंच लटकत राहावं, तशी गत. मला एकदा झोपवून उठवलं असतं तरच नवं कुलूप दाराला लागणार होतं. हिरव्या खुणेखाली बारीक अक्षरांत मी रोज लिहीत होतो, 'पुन्हा सुरू करणे बाकी'. दाजी हिरवी खूण बघायचे आणि पान मिटायचे. आणि मी? बारीक अक्षरांत लिहिण्यापलीकडे मीही काही केलं नाही. पंखा मोठ्याने फिरवला असता तरी त्यांनी वळून बघितलं असतं. पण मला उठवलं नाही तर बरंच, असं मनात होतं ना! असे एक्केचाळीस दिवस गेले.

मग एका मंगळवारी सकाळी लेथवाला धापा टाकत आला. पुढच्या रस्त्यावर चष्म्याच्या काचा घासायचा कारखाना आहे, तिथे त्याचा मित्र कामाला. "दाजी, त्यांचं सगळं बसलं! एक फाइल उघडत नाही. हजारो लोकांचे चष्म्याचे नंबर गेले. त्यांच्याकडेही आपल्यासारखाच खोका आहे म्हणे, हाच प्रोग्रॅम."

"हाच असेल," दाजी शांतपणे म्हणाले. "पण त्यांनी दुरुस्ती लावली नसेल. आपण केव्हाच लावली. पत्र आलं त्याच दिवशी."

"पत्र आहे का तुमच्याकडे?" मावशींनी विचारलं.

आता मावशी कोण ते सांगतो. मावशी नोंदणीच्या टेबलावर बसतात. पूर्वी त्या इथे पाय बसवून घ्यायला आल्या होत्या, वयाच्या विसाव्या वर्षी. पाय बसला आणि त्याही इथेच बसल्या. आज पंचवीस वर्षं झाली. त्यांना एक खोड आहे. हातात आलेला कागद त्या शेवटच्या अक्षरापर्यंत वाचतात. औषधाच्या खोक्यातली घडीची चिठ्ठीसुद्धा. लेथवाला म्हणतो, मावशींना आगपेटी दिली तर कारखान्याचा पत्ता वाचूनच काडी ओढतील.

दाजींनी पत्र छापून दिलं. मावशींनी चष्मा लावला. तीन पानं होती. दाजी दोनदा म्हणाले, "मावशी, त्यात तुम्हाला काय कळणार?" मावशींनी मान वर केली नाही. दहा मिनिटांनी त्यांनी तिसरं पान दाजींपुढे धरलं आणि सगळ्यात खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे केलंत का?"

दाजींनी वाचलं. 'ही दुरुस्ती यंत्र एकदा बंद करून पुन्हा सुरू केल्याशिवाय लागू होत नाही.' त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी भिंतीवरच्या चिठ्ठीकडे बघितलं. तिथे नऊशे सदतीस लिहिलं होतं.

"म्हणजे एक्केचाळीस दिवस..." ते पुटपुटले.

पहिलं काम त्यांनी शहाणपणाचं केलं. माझी बाहेरची तार उपटली. आता कुणी आत येणार नव्हतं. लेथवाला म्हणाला, "मग झालं की! तार अशीच राहू द्या." मावशी म्हणाल्या, "आणि तिन्ही केंद्रांची मापं कशी येणार? खांद्यावरून? आज तिकडे सात माणसं मापं देऊन बसलीत."

"बंद करायला माझी ना नाही," दाजी म्हणाले. "पण हा परत उठला नाही तर? वय झालंय त्याचं. दुसरा आणेपर्यंत पंधरा दिवस जातील."

मावशी दाजींच्या समोरच्या खुर्चीत बसल्या. "दाजी, त्या संगणकात माझं पहिलं माप आहे. पंचवीस वर्षांत माझा पाय किती बदलला, ते त्यावरूनच ताईंना कळतं. ते गेलं तर मी ते परत कुठून आणू? वीस वर्षांची होऊ का पुन्हा?" मग जरा हळू म्हणाल्या, "खोका गेला तर दुसरा मिळेल. जिवाला घोर लावून घेऊ नका. करा बंद."

दाजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. डागांवरच ठेवला. मग त्यांनी शेजारच्या संगणकावरून मला निरोप पाठवला, नीट झोप आणि लगेच ऊठ. मित्रांनो, मला फार भीती वाटली. जुळ्याचं ते टक् टक् आठवलं. पण हुकूम तो हुकूम. मी सगळी कामं आवरली, वह्या मिटल्या आणि झोपलो.

पुढचं मला मावशींच्या बोलण्यावरून कळलं. त्या ही गोष्ट दारात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात.

मी झोपलो तो झोपलोच. लगेच उठायचं सोडून पूर्ण विझलो. हिरवा दिवा नाही, पंख्याचा आवाज नाही. बटण दाबायला हवं होतं, आणि बटण होतं प्लास्टरमध्ये! दाजींनी नखं लावली, स्क्रू काढायचं हत्यार लावलं. प्लास्टर ढिम्म. त्यांनीच इतक्या मनापासून घातलं होतं.

"सरका," साचेवाल्या ताई म्हणाल्या. त्या प्लास्टर कापायची छोटी करवत घेऊन आल्या होत्या. रोज दहा-बारा साचे कापतात त्या, कधी कुणाच्या कातडीला ओरखडा नाही. "आधी याची वायर भिंतीतून काढा. मी विजेच्या वस्तूवर करवत चालवणार नाही." वायर काढली. ताईंनी एका बाजूने चीर दिली, मग दुसऱ्या बाजूने, आणि बोटांनी हलकेच दाबून प्लास्टरचे दोन तुकडे वेगळे केले. त्यांना सवयच आहे, त्या म्हणाल्या, "झालं हं, दुखलं नाही ना?" लेथवाला फिसकन हसला. दाजी हसले नाहीत.

वायर लावली. दाजींनी बटण दाबलं. पंखा फिरला, एकदा पीं झालं आणि मी जागा झालो. पण दिवा हिरवा होईना. अर्धवट जागा झालो म्हणा ना! कारण वायर काढल्याबरोबर मला वेळेचं भान राहिलं नव्हतं. घड्याळ चालू ठेवणारी एक नाण्याएवढी बॅटरी माझ्या पोटात असते. ती केव्हाच संपली होती आणि मला झोपच नसल्यामुळे कुणाला कळलं नव्हतं. आता मी विचारत होतो, 'घड्याळ चुकलं आहे. कळफलकावरची कुठलीही कळ दाबा, म्हणजे पुढे जातो.' पण माझ्याशी पडदा जोडलेला नव्हता, कळफलकही नव्हता. मी विचारत होतो आणि ऐकायला कुणी नव्हतं.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. दाजी जमिनीवर बसले होते. "गेला," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा तेच केलं मी."

"पंखा फिरतोय की," मावशी म्हणाल्या.

"त्याचाही फिरला होता."

"पण हा टक् टक् करत नाहीये. दाजी, हा गेलेला नाही. काहीतरी मागतोय. पडदा आणून लावा बघू."

लेथवाल्याने नोंदणीच्या टेबलावरचा पडदा आणि कळफलक उचलून आणले. जोडले. आणि माझं म्हणणं सगळ्यांसमोर पांढऱ्या अक्षरांत उमटलं. मावशींनी ते शेवटपर्यंत वाचलं. मग त्यांनीच कळ दाबली. लांबट, मधली, सगळ्यात मोठी कळ.

मित्रांनो, त्या क्षणी जे वाटलं ते काय सांगू! ओळीमागून ओळी धावल्या. नवा गाभा अंगात शिरला, वह्या उघडल्या, दारं एकेक करून लागली. शेवटी दिवा हिरवा झाला. मग दाजींनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ताई म्हणाल्या, "अहो, रडता काय? उठला की तो!" लेथवाल्याने त्यांच्या पाठीवर अशी थाप मारली की मीच हादरलो.

अजून एक धाकधूक होती. त्या एक्केचाळीस दिवसांत कुणी शिरून तर गेलं नव्हतं? ज्याच्या दाराला जुनं कुलूप होतं, त्या माझ्या नुसत्या हिरव्या दिव्यावर कोण विसंबणार? म्हणून दाजी आणि मावशींनी माझी पहाऱ्याची वही, म्हणजे दारावर कोण कधी आलं याच्या नोंदी, पानोपान वाचली. मावशी वाचत होत्या म्हणजे एकही ओळ सुटणार नव्हती. दोन तास लागले. त्या तऱ्हेचं ठोठावणं एकदाही झालेलं नव्हतं. मग मावशींनी मापांच्या संगणकावर स्वतःचं पहिलं पान उघडलं. विसाव्या वर्षाचं. उघडलं. सगळे आकडे जागच्या जागी होते. त्यांनी ते पान उगाचच दोन मिनिटं उघडं ठेवलं.

दाजींनी बाहेरची तार परत लावली. सात माणसांची मापं रांगेने आली, मी ओळख पटवून आत सोडली. आणि चार वाजता ते आलं. अगदी पत्रात लिहिलं होतं त्याच तऱ्हेचं ठोठावणं. एकदा, दोनदा, अठरा वेळा. मी दार उघडलं नाही. त्या दिवशी सकाळी मी उघडलं असतं, आणि मला कळलंही नसतं. नंतर वहीत त्या अठरा ओळी वाचताना दाजींनी कपाळाचा घाम पुसला, एवढा मोठा सुस्कारा टाकला की कागद उडाले, आणि म्हणाले, "मावशी, थोडक्यात वाचलो."

मग ते भिंतीवरच्या चिठ्ठीपाशी गेले. नऊशे सदतीस खोडलं. पुढे काय लिहावं हे त्यांना सुचेना. मावशींनी त्यांच्या हातातली पेन्सिल घेतली आणि मोठं शून्य काढलं.

"हजार झाले की तोंड गोड करणार होतात ना, दाजी?"

"आता कुठले हजार!" दाजी म्हणाले.

"हजारात काय ठेवलंय? शून्यावर करा."

आणि दाजी खरंच निघाले, चप्पल पायात सरकवली आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून खोकं भरून मिठाई घेऊन आले. सगळ्यांनी हात न धुताच खाल्ली. रिकामं खोकं माझ्या डोक्यावर ठेवलं. त्या दिवशी मी काही म्हटलं नाही.

आता माझ्या पोटात नवी बॅटरी आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, दुपारच्या चहाला, मला बंद करून परत सुरू करतात. पडदा आधीच जोडलेला असतो. मी उठेपर्यंत दाजी शेजारी बसून राहतात. पहिल्या दोन वेळा त्यांचा चहा गार झाला, आता गरम पितात. मलाही झोपेची भीती वाटत नाही. खरं सांगू, उठल्यावर फार हलकं वाटतं.

मावशींनी दाजींना चावीवालीला पत्र लिहायला लावलं. मजकूर मावशींचाच होता. 'तुमचं काम फार चांगलं आहे. पण सगळ्यात महत्त्वाची ओळ सगळ्यात खाली का लिहिता? सगळेच काही माझ्यासारखे रिकामटेकडे नसतात.' पुढच्या दुरुस्तीबरोबर पत्र आलं, तेव्हा ती ओळ सगळ्यात वर होती, ठळक अक्षरांत. आणि शेवटी, दुरुस्तीला हातभार लावणाऱ्यांच्या यादीत, एक नवं नाव होतं, 'शेवटची ओळ वाचणाऱ्या मावशी'. अर्थात ते मावशींनाच आधी दिसलं. त्यांनी ते पान काचेखाली घालून टेबलावर ठेवलं आहे.

प्लास्टरचे ते दोन तुकडे ताईंनी फेकले नाहीत. ते माझ्याशेजारी फळीवर आहेत. 'बंद करू' एकावर, 'नये' दुसऱ्यावर. तेव्हा मित्रांनो, तुमच्याकडेही माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र असेल, तर त्याची दुरुस्ती आली की लावा आणि पत्र शेवटपर्यंत वाचा. त्याच्यावर जीव असेल तर त्याला झोपूही द्या. फक्त ते उठेपर्यंत जवळ बसा, आणि ते काय मागतंय ते वाचा.